हस्त नक्षत्राखालची जागल

वाशीम जिल्ह्यात पाहायला काय आहे, असं निघण्यापूर्वी मला चार जणांनी विचारलं. अंधार, असं मी सांगितलं. तिघांना ती थट्टा वाटली. चौथी माझी मैत्रीण मंगल होती, आणि ती माझ्यासोबत येणार होती.

मी इचलकरंजीत राहते. यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान चालवते. घरामागच्या परसात सिमेंटचा चौथरा बांधून घेतला आहे, त्यावर माझी आठ इंची दुर्बीण बसते. शहराच्या उजेडातून चंद्र, ग्रह, तारकागुच्छ ठीक दिसतात. पण गेली तीन वर्षं मला एकाच जोडीचा फोटो हवा आहे. हस्त नक्षत्राच्या जरा पश्चिमेला दोन दीर्घिका आहेत. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह. या दोघी एकमेकींत घुसल्या आहेत, आणि त्या ओढाताणीत दोघींमधून ताऱ्यांचे दोन लांब पट्टे बाहेर फेकले गेले आहेत. आम्ही त्यांना शेपट्या म्हणतो. माझ्या परसातून दोघींचा गाभा येतो, सदऱ्यावरच्या न निघालेल्या डागासारखा. शेपट्या येत नाहीत. त्या इतक्या फिकट आहेत की गावाचा उजेड त्यांना पुसून टाकतो. त्यांच्यासाठी खरा अंधार लागतो, कोरडी हवा लागते आणि किमान दहा तास लागतात. तीन-तीन मिनिटांचे फोटो काढत राहायचं आणि घरी येऊन ते संगणकावर एकावर एक रचायचे. शेपटी असलीच तर त्या ढिगातून वर येते.

मंगल बँकेत होती. नोकरीत तीन वर्षं वाशीमला काढली होती, त्यामुळे किन्हीराजा गावाच्या पुढे भाजीपाला करणाऱ्या गजाननभाऊंची ओळख तिची. तारखा आम्ही दोघींनी ठरवल्या: मार्चअखेरची अमावास्या आणि तिच्या आधीच्या दोन रात्री. निघायच्या दोन दिवस आधी तिचा फोन आला. सुनेला बरं नाही, नातू मंगलकडे आहे, जमणार नाही. "तू जा गं. तुला काय, तू एकटीच असतेस," ती म्हणाली. ते खरंच होतं. मी दुर्बीण, बॅटरी, लॅपटॉप गाडीत भरले आणि तिच्या जागेवर खुर्ची ठेवली.

पहिली रात्र

रस्त्याचं वर्णन करत नाही. रस्ता होता, संपला.

पोचले तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजले होते आणि ऊन अजून पाठीला लागत होतं. गजाननभाऊंचं घर शेतातच आहे. तिकडे शेताला वावर म्हणतात, बांधाला धुरा आणि कोथिंबिरीला सांबार. जेवताना सांबार हवा का, असं विचारलं तेव्हा मी वाटी पुढे केली होती, म्हणून सांगून ठेवते.

गजाननभाऊ पन्नाशीचे, बोलके. हात धुवायच्या आधीच त्यांनी मला वावराच्या टोकाला नेलं. "पाहा मॅडम, तुमच्यासाठी काय केलं."

जागा उत्तम होती. सपाट, शेणाने सारवलेली, दक्षिण मोकळी. एक टेबल, त्यावर फुलाफुलांचं प्लास्टिक, पाण्याचा माठ. आणि वर, खास रोवलेल्या बल्लीवर, लग्नाच्या मांडवात लावतात तसला मोठा फोकस. भाऊंनी कळ दाबली. शेजारच्या वांग्याच्या झाडावरची वांगी मोजता आली असती.

"बाईमानूस एकटं, अंधारात कसं काम करन? म्हून लावला. कालपासून लागलो होतो."

"भाऊ, मी सहाशे किलोमीटर आले ती अंधारासाठी."

त्यांनी फोकसकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे बंद करू?"

"हो."

"पुरा?"

"पुरा."

मागून त्यांच्या पत्नी, शोभाबाई, आल्या होत्या. "मी म्हनत होती नं तुमाले! काई विचारत नाई अन् काई नाई."

"अवं, फोटोलेच तं उजेड लागते!" भाऊ म्हणाले. तरी त्यांनी कळ बंद केली.

जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. आमच्याकडे तिखट रश्श्यात असतं, तिकडे ते बाजूला वाढतात आणि तुमच्यावर सोपवतात. शोभाबाई भाकरी थापता थापता चौकशी करत होत्या.

"घरी कोन कोन असते?"

"मी."

"अन्?"

"मीच. लग्न केलं नाही, दुकान केलं."

त्यांनी हळहळ दाखवली नाही. आणखी अर्धी भाकरी वाढली. मला त्या आवडल्या.

नऊ वाजता दुर्बीण लावली. यंत्र ध्रुव ताऱ्यावर जुळवायचं असतं; घरी तो शेजाऱ्याच्या टाकीमागे असतो आणि मला अंदाजाने काम भागवावं लागतं. इथे तो समोर उघडा होता, इचलकरंजीपेक्षा थोडा वर. दहा मिनिटांत यंत्र जुळलं. हस्ताचे चार तारे आग्नेयेला वर आले. त्यांच्याभोवती एवढं काळं आकाश मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. मी पहिला फोटो सुरू केला, आणि समोरून उजेडाचा एक झोत सर्रकन दुर्बिणीवरून गेला. चार सेकंदांनी पुन्हा. मग पुन्हा.

दक्षिणेला, दुसऱ्या कुणाच्या तरी वावरात उंच काठीवर फिरता दिवा होता. त्याच बाजूने एका बाईच्या ओरडण्याचा आवाज येत होता. "हाऽऽड! हाऽऽड रे! आली रे आली!" थोडा वेळ शांत, मग पुन्हा. रानडुकरं हाकलायला कोणीतरी जागत होतं. तिकडे त्याला जागल म्हणतात.

मी तरी फोटो काढत राहिले, कारण आल्यासारखं काहीतरी करायचं. प्रत्येकावर पांढरा पट्टा होता. अडीच वाजता बॅटरीच्या वायरमधला फ्यूज उडाला आणि तोही प्रश्न मिटला. मी खुर्चीत बसून राहिले. मंगल असती तर तिने थर्मास उघडला असता आणि फ्यूजला शिव्या घातल्या असत्या. एकटीने शिव्या घालण्यात अर्थ नसतो. ती बाई मात्र ओरडत होती. आपल्यासारखी दुसरी कोणी बाई इतक्या रात्री जागी आहे, हे मला बरं वाटलं. तीन रात्रींतली एक गेली होती.

दुसरा दिवस: मंगरूळपीर आणि धुरा

सकाळी नऊपर्यंत झोपले. फोनवर दोन संदेश होते, दोन्ही बँकेचे. फ्यूज आणायला गाडी घेऊन मंगरूळपीरला गेले. दर्ग्याकडच्या रस्त्याला एका चाचांचं बॅटरी-वायरिंगचं दुकान सापडलं. त्यांनी माझी वायर उलटसुलट करून पाहिली.

"ये किस गाडी का है?"

"गाडीचा नाही. दुर्बिणीचा."

"काय पाहता तिच्यातून?"

"दोन दीर्घिका. एकमेकींवर आदळल्यात."

चाचांनी चष्मा वर केला. "कधी?"

"कोट्यवधी वर्षांपूर्वी."

"मंग घाई कायची हाय? बसा, चहा पिऊन घ्या."

चहा प्याले. चांगला होता. त्यांनी एकाऐवजी चार फ्यूज दिले आणि वायरच्या टोकाला नवी पकड बसवून दिली. सुट्या भागांच्या धंद्यातली माणसं मला कुठेही ओळखू येतात. हातात वस्तू आली की ती बोलायची थांबतात.

परत आल्यावर गजाननभाऊंना म्हटलं, त्या दिव्याच्या मालकाकडे चला. ते उत्तमकाकांचं वावर होतं. काका पासष्टीचे, सडपातळ, डोक्याला पांढरा रुमाल बांधलेले. वावरात दोन एकर टरबूज होतं. वेलांत जागोजाग हिरवी पाठ दिसत होती. दहा दिवसांत माल निघणार होता. व्यापारी येऊन पाहून गेला होता. एका कोपऱ्यात लाकडी माळा होता, वर गोधडी, खाली मडकं. काका रात्री तिथेच राहत.

मी मुद्द्यालाच हात घातला. "काका, तुमचा दिवा माझ्या फोटोवर येतो. आज आणि उद्या, दोन रात्री बंद ठेवता येईल का?"

"करतो नं बंद. त्यात काय."

"आणि डुकरं?"

"भोंगा हाय नं. अन् मी जागतोच."

"आणि त्या बाई? रात्री आवाज ऐकला मी. त्या असतील ना जागलीला?"

काका मडक्याकडे वळले आणि पाणी प्यायले. गजाननभाऊंनी मला हळूच सांगितलं, "काकूचा आवाज हाय थो. भोंग्यात भरेल हाय. दोन साल झाले काकूले जाऊन."

माळ्याच्या खांबाला एक छोटा कर्णा बांधलेला होता, पोटात मेमरी कार्ड. तिकडे आता बऱ्याच वावरांत असतो. माणसाचा आवाज भरून ठेवायचा आणि रात्रभर वाजवायचा. उत्तमकाकांचा आवाज बसका, म्हणून काकूंनी ओरडून दिलं होतं. काकांनी तो दाखवायला म्हणून लावला. दिवसाउजेडी, दोन हातांवरून, तो वेगळा वाटला. हाऽऽड, हाऽऽड, आली रे आली, असं पाच मिनिटं, आणि शेवटी साध्या आवाजात: "अवो, झालं का? घसा बसला माहा."

"थे शेवटचं काढाचं राहून गेलं," काका म्हणाले.

मी बरं म्हटलं आणि निघाले. 

दुसरी रात्र

अंधार पडला आणि दिवा लागला नाही. एवढा काळोख की स्वतःचा हात चाचपून पाहावा. शोभाबाई स्वयंपाक उरकून बॅटरी न लावता धुऱ्याने चालत आल्या. लॅपटॉपच्या पडद्यावर पहिला फोटो उमटला होता. मी मंद लाल प्रकाशात त्यांना दाखवलं: हा एकीचा गाभा, हा दुसरीचा.

"आदळल्या म्हंजे फुटल्या का?"

"नाही. तारे एकमेकांपासून इतके दूर असतात की एकीतून दुसरी आरपार जाते. ताऱ्याला तारा लागतसुद्धा नाही."

त्या पडद्याकडे वाकल्या. "इतल्या जवळ येऊन लागलं नाई कोनी कोनाले. मंग शेपटी कायची निघाली?"

"ओढीने. नुसत्या ओढीने एवढे तारे बाहेर खेचले गेले."

"बाप्पा," त्या म्हणाल्या, आणि मग, "मॅडम, अमावस्या जवळ आली अन् तुमी रातभर वावरात नळी लावून बसल्या. गावात लोकं म्हनून राह्यले, बाई गुप्तधन काढ्याले आली."

"मिळालं तर अर्धं तुमचं."

"अर्धं कायचं? वावर आमचं हाय!"

हसत त्या गेल्या. मग मी आणि यंत्र. या कामात माणसाला फारसं काही करायचं नसतं. तीन मिनिटं थांबायचं, आकडा वाढलेला बघायचा, पुन्हा तीन मिनिटं. एकच गोष्ट हाताने करावी लागते. लक्ष्य दक्षिणेची मधली रेघ ओलांडून पश्चिमेला झुकलं की माझी जुनी माउंट, म्हणजे दुर्बीण फिरवणारी बैठक, अडते. मग दुर्बीण उचलून तिला दुसऱ्या कुशीवर वळवायची आणि सगळं पुन्हा जुळवायचं. नाही केलं तर यंत्र थांबतं आणि लॅपटॉप टूं टूं करत बसतो. मार्चअखेरीला ही वेळ रात्री साडेबाराच्या सुमारास येते. मी ते वीस मिनिटांत उरकलं.

काकूंचा आवाज पाच-पाच मिनिटांनी पहिल्यापासून सुरू होत होता. आता मला तो ऐकू नये असं वाटत होतं, आणि शेवटचं वाक्य आलं की मी कान देत होते.

तीनपर्यंत पाच तासांचे स्वच्छ फोटो जमले. तिथेच घाईघाईने रचून पाहिले. डागाच्या एका बाजूला, काळ्यात किंचित कमी काळी अशी एक रेघ होती. मी खुर्चीतून उठले. तीन वर्षांत पहिल्यांदा. दाखवायला कोणी नव्हतं. पुन्हा खुर्चीत बसले. आणखी अशाच पाच तासांत दोन्ही शेपट्या येणार, हे नक्की होतं.

तिसरा दिवस

सात वाजता शोभाबाईंनी उठवलं. "काकाच्या वावरात डुकरं घुसली. एकच्या पुढं काकाचा डोळा लागला."

टरबुजाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात वेल उपसून गुंतवळासारखे पडले होते. फळं फोडलेली. डुक्कर एक फळ पुरतं खात नाही. एकाला तोंड लावतं, पुढच्याकडे जातं. फिकट गुलाबी गर मातीत तुडवलेला होता, अजून लालही झाला नव्हता. काका फुटलेली फळं गोळा करून धुऱ्यावर टाकत होते. भोंगा चालूच होता. "अवो, झालं का?" असं तो म्हणाला तेव्हा गजाननभाऊंनी जाऊन बंद केला.

"काका, तुम्ही म्हणालात भोंगा आहे," मी म्हटलं.

काकांनी आणखी एक फुटकं फळ उचललं. भाऊच बोलले. "भोंग्याले डुकरं मोजत नाईत आता, मॅडम. दोन साल तोच आवाज. त्याईले पाठ झाला. दिव्यालेच भेत होते."

"हे तुम्हाला काल माहीत होतं?"

"सगळ्याईले माहीत हाय."

"मग मला सांगितलं काहून नाही?" मी त्यांच्याच शब्दात विचारलं.

भाऊ काकांकडे पाहू लागले. काका फळ ठेवून उभे राहिले. "पाहुन्यानं पयल्यांदा काई मागतलं. नाई कसं म्हनाव?"

मला राग आला. माझ्यावर आला आणि त्यांच्यावरही आला. आमच्याकडे पाहुण्याला नाही म्हणतात. तोंडावर म्हणतात, वर चहा पाजतात, आणि कोणाचं काही बिघडत नाही. या माणसाने मला नाही म्हणायचं टाळलं आणि रात्री एकपर्यंत जागून डोळा लागल्यावर वर्षाचं पीक उघडं टाकलं.

"आज दिवा लावा," मी म्हटलं.

"नाई. दोन रातीचा शब्द देल्ला. तुमी तुमचं काम करा."

"मी काम करणार नाही."

"मंग दिवा बी नाई अन् काम बी नाई. डुकरं मातर येतीन," काका म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर थोडं हसू दिसलं.

मी हिशेबी बाई आहे. दिवा नको, तर जागी माणसं हवीत. माझं यंत्र स्वतःच फोटो काढतं, त्याच्या शेजारी बसून राहायला मी काही त्याची आई नाही. मी काकांना सांगितलं, आज जागलीला दोघं. पूर्वेचा कोपरा माझा, पश्चिमेचा तुमचा. फक्त साडेबाराला वीस मिनिटं मी दुर्बिणीकडे जाईन.

"तुमाले ओरडता येते का?" त्यांनी विचारलं.

"दुकानात दिवसभर तेच करते."

अमावास्येची रात्र

शोभाबाईंनी तेलाचा रिकामा डबा आणि एक काठी दिली. नऊला यंत्र सुरू करून मी धुऱ्याने पूर्वेच्या कोपऱ्यात गेले. दुर्बीण तिथून दोनशे पावलांवर, लॅपटॉपचा लाल ठिपका तेवढा दिसत होता. काका भोंग्याजवळ गेले, आणि मला वाटलं लावतील. त्यांनी वायर काढली.

"आज जित्ते मानसं हाओत दोघं. तिले राहू द्या."

जागल ही कंटाळवाणी गोष्ट आहे, हे लिहून ठेवायला हवं. मी ओरडायचं, डबा बडवायचा. मग पश्चिमेकडून काकांचा बसका आवाज यायचा, "होऽऽ!" मग शांतता. मध्ये दोन एकर काळोख आणि एकमेकांचं तोंडही न दिसणारे दोघे. तरी पहिल्या दोन रात्रींपेक्षा ती रात्र बरी गेली. मी ओरडले की कोणीतरी ओरडत होतं.

सव्वाबारा वाजता डबा खाली ठेवला आणि निघणार, तोच माझ्या डाव्या हाताला, धुऱ्यापलीकडे काहीतरी फुरफुरलं. मग वाळलेल्या काड्या मोडल्याचा आवाज. एक नव्हतं, बरीच होती.

"काका! इकडे!"

"तिकडंच राहा! हलू नका! इकडून बी हायेत!"

त्यांच्याकडेही होती. मी डबा उचलला आणि बडवू लागले. फुरफुर थांबली, सरकली, पुन्हा आली. दिवा नव्हता, म्हणून ती किती जवळ आहेत ते कळत नव्हतं. आणि तेवढ्यात उत्तरेकडून, अगदी वेळेवर, लॅपटॉपने टूं टूं सुरू केलं.

वीस मिनिटांचं काम होतं. माझा कोपरा वीस मिनिटं उघडा टाकला असता, तर काय झालं असतं ते सकाळी पाहिलंच होतं. मला ते टूं टूं नीट ऐकू येत होतं. आकाशात हस्त डोक्याच्या दक्षिणेला अगदी मध्यावर होतं, वर्षातल्या सगळ्यात चांगल्या जागी, सगळ्यात काळ्या रात्री. मी वर एकदा पाहिलं आणि डबा बडवत राहिले. घसा बसला तेव्हा काठीने धुऱ्यावरच्या दगडावर मारलं. काका तिकडून ओरडत होते, आता सलग.

डुकरं तीनदा आली. शेवटची गेली तेव्हा पावणेतीन झाले होते. मी दुर्बिणीकडे गेले. हस्त पश्चिमेला कललेलं, खालच्या धुळीत शिरत होतं. वळवून, जुळवून, आणखी सहा-सात फोटो मिळाले, तेही पुसट. लॅपटॉपचं टूं टूं बंद केलं, आणि मग खरोखरच काही ऐकू येईनासं झालं.

पाडवा

सकाळी शोभाबाईंनी घरापुढे गुढी उभारली. आमच्याकडे तांब्याचा गडू, त्यांच्याकडे पितळेचा. कडुलिंब तोच, तेवढाच कडू. मी टरबुजाच्या वावरात गेले. पूर्वेचा कोपरा आदल्या दिवशी जेवढा उपसला होता तेवढाच होता. पश्चिमेला दोन वेल गेले होते. बाकी सगळं जागच्या जागी.

काका वेलांतून वाकून वाकून बघत होते. "आली का शेपूट?"

"एक आली."

"अन् दुसरी?"

"दुसरी तुमच्या टरबुजात गेली."

ते हसले नाहीत. एक फळ हलक्या हाताने पालथं करून त्यांनी उन्हाकडे वळवलं. "मंग आता रोज कोन येईन ओरड्याले? आठ दिवस हायेत अजून," ते म्हणाले. आणि माझ्याकडे न पाहता, "ताई, तुमचा आवाज त्याईले नवा हाय. काल भेली तुमाले. भरून देता का?"

"आणि काकूंचा?"

"तिचं कार्ड काढून ठेवतो. घरी. पेटीत." मग म्हणाले, "दुसरं कार्ड हाय माह्याजोळ. कोरं."

मागोमाग आलेल्या गजाननभाऊंनी मोबाईलवर भरून घ्यायचं ठरवलं. सकाळी साडेआठला, लख्ख उन्हात, गुढ्या उभारलेल्या असताना, एक पंचावन्न वर्षांची बाई टरबुजाच्या मधोमध उभी राहून हाऽऽड हाऽऽड ओरडते आहे, हे रस्त्यावरून जाणाऱ्या दोन मोटारसायकलींनी थांबून पाहिलं. दीड मिनिटात माझं सगळं ओरडणं संपलं.

"पाच मिंटं पायजे," भाऊंनी खूण केली.

"काय बोलू?"

"काई बी बोला! डुकराले कुठं समजते!"

मग मला जे पाठ आहे ते मी ओरडले. पिकर! पट्टा! धोटा! बॉबिन! बेअरिंग बासष्ट शून्य तीन! दुकानाच्या मांडणीत वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत, एकही न सोडता. शोभाबाई धुऱ्यावर पदर तोंडाला लावून हसत होत्या. काका हात मागे बांधून, मान खाली घालून, नीट ऐकत होते.

दुपारी निघाले. निघताना काकांनी फळ दिलं नाही. पिकलेलं नाही ते पाहुण्याला कसं देणार, म्हणाले.

घरी

घरी आल्यावर फोटो रचायला तीन संध्याकाळ लागल्या. एक शेपटी आली आहे, चांगली लांब, शेवटाला जरा वळलेली. दुसरीच्या जागी नुसती दाणेदार राख आहे. तिथे ती आहे हे मला माहीत आहे, म्हणून मला ती दिसते. इतरांना दिसत नाही. मंगलला पाठवला. तिने अंगठा पाठवला, आणि नातवाचा फोटो.

एप्रिलच्या मध्यावर, दुकानात गर्दीच्या वेळी, उत्तमकाकांचा फोन आला. फोनवर ते वावरातल्यासारखेच बोलतात, दोन एकरांपलीकडे ऐकू जावं असे.

"ताई, माल गेला. चांगला गेला. कोपरा सोडला तं काई नाई गेलं डुकराईच्या तोंडात."

"बरं झालं. मग आता भोंगा बंद ना?"

"बंद कायले? आता तुमाले भुईमुगात लावलं."